राजापूर (रत्नागिरी-सिंधुदुर्ग) लोकसभा मतदारसंघ

दक्षिण कोकणातील लोकसभा मतदारसंघ. १९५७ ते २००४ या काळातील निवडणुका राजापूर या नावाने झाल्या. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर, २००९ पासून, रत्नागिरी-सिंधुदुर्ग हे नाव रूढ झाले. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी हे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. पूर्वेस सह्याद्री, पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस गोवा. जुन्या मतदारसंघात आजचा सिंधुदुर्ग जिल्हा आणि रत्नागिरीचा दक्षिण भाग होता. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला; त्याआधीच्या निकालांत सगळा मुलूख रत्नागिरी जिल्हा म्हणूनच नोंदलेला आढळतो.

भात, हापूस आंबा, काजू व मासेमारी ही उपजीविकेची मुख्य साधने. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरींवर अनेक घरे चालत.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत जिल्ह्याचे रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण असे दोन मतदारसंघ होते आणि दोन्ही काँग्रेसने जिंकले. उत्तरेतून आझाद हिंद सेनेतील सेनानी जगन्नाथराव भोसले, तर दक्षिणेतून मोरेश्वर दिनकर जोशी निवडून आले. भोसले पुढे केंद्रात पुनर्वसन उपमंत्री झाले. १९५७ पर्यंत वारे फिरले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने मुंबई पेटली होती आणि गिरणगावातल्या प्रत्येक चाळीत कोकणी माणूस होता. मुंबईत जे घडे ते टपालाने आणि बोटीने गावी पोहोचे. त्या वर्षी शेजारच्या रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर आणि राजापूरमधून प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै निवडून आले.

नाथ पै (जन्म २५ सप्टेंबर १९२२, वेंगुर्ले) यांच्यामुळे या मतदारसंघाला देशात ओळख मिळाली. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा लागोपाठ तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या. लंडनमधील लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले होते, समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. पण राजापूर-मालवणच्या मतदाराला त्यांची ओळख होती ती सभेतून. पुलाखाली, शाळेच्या पटांगणात, देवळाच्या आवारात त्यांच्या सभा होत. लोकसभेत ते विरोधी बाकांवर बसत आणि त्यांचे भाषण असले की सभागृह भरे. १९६० च्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपात एस. एम. जोशी यांच्यासह ते नेतृत्वात होते.

त्यांचे सर्वांत टिकाऊ संसदीय काम म्हणजे १९६७ चे खाजगी घटनादुरुस्ती विधेयक. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेचा अधिकार नाकारला. नाथ पै यांनी लगोलग विधेयक मांडून तो अधिकार पुन्हा प्रस्थापित करण्याची मागणी केली. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर प्रदीर्घ चर्चा झाली, पण ते मंजूर झाले नाही. त्यातले तत्त्व मात्र १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत आले. सत्तेत नसलेल्या एका खासदाराने देशाच्या घटनात्मक वादाची दिशा ठरवावी, हा मान या किनारपट्टीच्या वाट्याला आला, आणि प्रस्तुत नोंदीत त्याला दिलेली जागा त्याच कारणाने आहे. सीमाप्रश्नावर बेळगावात भाषण केल्यानंतर १८ जानेवारी १९७१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. मालवण येथील बॅ. नाथ पै सेवांगण ही संस्था त्यांच्या नावाने चालते.

नाथ पैंच्या निधनानंतर दोनच महिन्यांनी मध्यावधी निवडणूक आली. इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रातील ४५ पैकी ४२ जागा घेतल्या. राजापूरने मात्र नाथ पैंच्याच पक्षाचा, बाहेरून आलेला उमेदवार निवडला. मधु दंडवते (जन्म २१ जानेवारी १९२४, अहमदनगर) मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. मतदारसंघात ना त्यांचे घर होते, ना नात्यागोत्याचे पाठबळ. तरीही १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ असा पाच वेळा याच मतदारांनी त्यांना दिल्लीला पाठविले. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते, पत्नी प्रमिला दंडवते येरवड्यात. १९८४ चा निकाल विशेष नोंद घेण्याजोगा आहे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या सहानुभूतीत काँग्रेसने राज्यातील ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या आणि जनता पक्षाला देशभरात अवघ्या १० जागा मिळाल्या. त्यांतली एक राजापूर होती. समाजवाद्यांचे बालेकिल्ले देशात बरेच होते. सलग ३४ वर्षे न ढासळलेले थोडेच.

दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या डब्यातील लाकडी फळ्यांवर गाद्या बसविण्याचा निर्णय त्यांचा. कोकण रेल्वेची मागणी त्याआधीपासूनची, अ. ब. वालावलकर यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले आणि नाथ पै यांनी ती लोकसभेत सतत मांडली. दिवा-पनवेलकडून आलेला मार्ग आपट्यापुढे रोह्यापर्यंत १९८६ मध्ये पोहोचला आणि तेथे थांबला. डिसेंबर १९८९ मध्ये दंडवते अर्थमंत्री झाले, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ या राज्यांनी भांडवलात वाटा उचलला, उरलेला पैसा रोख्यांतून उभा राहिला, ई. श्रीधरन प्रमुख होते. रोहे ते मंगळूरजवळील ठोकूर हा ७४१ किमी.चा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला. तोवर दंडवते खासदार राहिले नव्हते. ज्याच्या मंत्रिपदाच्या काळात हे काम मार्गी लागले, त्यालाच ते मार्गी लागत असताना मतदारांनी घरी बसविले, ही या मतदारसंघाच्या इतिहासातील सर्वांत दुखरी जागा होय.

१९९१ मध्ये लष्करातून राजकारणात आलेले सुधीर सावंत यांनी ही जागा काँग्रेसकडे नेली. खरा बदल मात्र खालून चालू होता. १९८२ च्या गिरणी संपानंतर हजारो चाकरमानी कायमचे गावी परतले आणि सोबत मुंबईतली शिवसेनेची शाखा घेऊन आले. गणपतीत आणि मे महिन्यात येणारी तरुण पोरे ज्या पक्षाचे बोलत, तो पक्ष वाडीवाडीत शिरला. १९९० मध्ये मालवणातून नारायण राणे शिवसेनेचे आमदार झाले. १९९६ मध्ये शिवसेनेने सनदी लेखापाल सुरेश प्रभू यांना लोकसभेसाठी उभे केले आणि ते १९९६, १९९८, १९९९ व २००४ असे चार वेळा निवडून आले. वाजपेयी मंत्रिमंडळात त्यांच्याकडे पर्यावरण, ऊर्जा आदी खाती होती. ऑगस्ट २००२ मध्ये पक्षनेतृत्वाच्या आग्रहावरून त्यांनी ऊर्जा खाते सोडले. ते खाते शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघाचे खासदार अनंत गीते यांच्याकडे गेले. प्रभू नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ रेल्वेमंत्री होते, परंतु राज्यसभेतून आणि भाजपच्या वतीने.

२००८ च्या पुनर्रचनेत कोकणाचे बळ घटले. सिंधुदुर्गातील विधानसभेच्या जागा चारवरून तीन आणि रत्नागिरीच्या सातवरून पाच झाल्या. लोक पोटासाठी मुंबई-ठाण्याला गेले, जागाही त्यांच्यामागे तिकडे गेल्या. गुहागर व दापोली रायगड मतदारसंघात गेले, जुना रत्नागिरी मतदारसंघ संपला आणि उरलेले राजापूरला जोडले गेले.

तेव्हापासूनच्या निवडणुका राणे कुटुंबाभोवती फिरल्या. १९९९ मध्ये काही महिने मुख्यमंत्री राहिलेले नारायण राणे २००५ मध्ये शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले. २००९ मध्ये त्यांचे पुत्र नीलेश राणे यांनी काँग्रेसकडून प्रभूंचा सुमारे ४६ हजार मतांनी पराभव केला. २०१४ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत यांनी नीलेश राणे यांना सुमारे दीड लाख मतांनी हरविले. काँग्रेसशी आघाडी असलेल्या राष्ट्रवादी काँग्रेसचे सावंतवाडीचे आमदार दीपक केसरकर यांनी राणेंच्या प्रचारास उघड नकार दिला होता. २०१९ मध्ये राऊत यांनी महाराष्ट्र स्वाभिमान पक्षाच्या नीलेश राणे यांच्यावर १,७८,३२२ मतांनी विजय मिळविला. ७ मे २०२४ रोजी मतदान झाले तेव्हा लढत राऊत (शिवसेना, उद्धव बाळासाहेब ठाकरे) आणि स्वतः नारायण राणे (भाजप) यांच्यात होती. राणे ४,४८,५१४ मते मिळवून ४७,८५८ मतांनी जिंकले. सिंधुदुर्गाने त्यांना तारले, रत्नागिरीचा कल राऊत यांच्याकडे राहिला.

प्रचारात प्रकल्पांचा प्रश्न वारंवार येतो. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरोधातील आंदोलनात एप्रिल २०११ मध्ये गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. नाणार येथील तेलशुद्धीकरण प्रकल्प २०१९ च्या निवडणुकीआधी मागे घेण्यात आला. पुढे बारसू-सोलगाव परिसराची निवड होताच विरोध तेथे सरकला. आंबा, काजू व मासळीवर जगणारा मतदार या प्रकल्पांकडे संशयाने पाहतो आणि उमेदवाराला जागच्या जागी जाब विचारतो. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेत सर्व पक्षांचे नेते हजेरी लावतात. देवीपुढे घातलेले गाऱ्हाणे आणि बाहेरचे फलक यांवरून त्या वर्षी कोण कोणाबरोबर आहे हे जाणकार ओळखतात.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सहाही जागा महायुतीने जिंकल्या : रत्नागिरी उदय सामंत, राजापूर किरण सामंत, कुडाळ नीलेश राणे, सावंतवाडी दीपक केसरकर (चौघेही शिवसेना), कणकवली नितेश राणे (भाजप), चिपळूण शेखर निकम (राष्ट्रवादी).

२०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९, तर सिंधुदुर्गाची ८,४९,६५१. पुरुष कामासाठी बाहेर राहत असल्याने दोन्ही जिल्ह्यांत स्त्रिया संख्येने अधिक आहेत. तरीही राजापूर वा रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आजवर एकही स्त्री लोकसभेवर निवडून गेलेली नाही. या मुलखातून लोकसभेत गेलेल्या एकमेव महिला शारदा मुखर्जी होत. त्या १९६२ आणि १९६७ मध्ये काँग्रेसतर्फे जुन्या रत्नागिरी मतदारसंघातून निवडून आल्या.