डॉ. थॉमस फोगार्टी: सर्जन, संशोधक आणि स्टार्टअपवाला डॉक्टर

गॅजेट म्हटलं की आपल्याला बॅटरी, स्क्रीन आणि चार्जर आठवतो. आज मी ज्या गॅजेटबद्दल सांगणार आहे त्यात यातलं काहीच नाही. एक बारीक नळी आणि तिच्या टोकाला छोटासा फुगा, बस्स! पण जगभरचे सर्जन आजही ते वापरतात आणि त्याला नुसतं 'फोगार्टी' म्हणतात. हे बनवणारे डॉ. थॉमस फोगार्टी यांनी डॉक्टरकी, संशोधन आणि बिझनेस या तिन्ही गोष्टी एकाच आयुष्यात केल्या. मेडिकल स्टार्टअप कसं चालतं हे समजून घ्यायला मला यापेक्षा सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

आधी प्रॉब्लेम काय होता?

समजा, पायाच्या धमनीत रक्ताची गुठळी येऊन अडकली. पुढे रक्त जाणं बंद. पाय थंड पडतो, दुखतो आणि काही तासांत उपाय झाला नाही तर कापावा लागतो. १९५० च्या दशकात यावर उपाय म्हणजे मोठी चिरफाड होती. ऑपरेशन तासन्‌तास चालायचं, आणि असे पेशंट बहुतेक वेळा आधीच हृदयविकाराने खंगलेले असायचे. कित्येकांचा पाय जायचा, कित्येकांचा जीवही.

हे सगळं एक शाळकरी मुलगा जवळून बघत होता. फोगार्टींचा जन्म १९३४ चा, अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातला. वडील लहानपणीच गेले, त्यामुळे घराला हातभार म्हणून ते शाळेत असतानाच तिथल्या गुड समॅरिटन हॉस्पिटलमध्ये काम करू लागले. सुरुवातीला उपकरणं साफ करायची, मग ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हातात हत्यारं द्यायची. तिथेच त्यांना डॉ. जॅक क्रॅनली हे गुरू भेटले. पोराला यंत्रांची आवड भारी होती. शाळेच्या वयातच त्यांनी स्कूटरसाठी एक क्लच बनवला होता.

फुगा नेमका काम कसा करतो?

जांघेजवळची जागा बधिर करून छोटासा छेद घेतात. धमनीतून नळी आत सरकवतात, तेव्हा फुगा रिकामा असतो. नळी गुठळीच्या आरपार पलीकडे गेली की सिरिंजने सलाईन भरून फुगा फुगवायचा आणि नळी हळूच मागे ओढायची. फुग्याबरोबर गुठळीही बाहेर येते. बाटलीत अडकलेलं बूच बाहेर काढावं तसं! या नळ्यांची जाडी 'फ्रेंच' नावाच्या मापात मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, म्हणजे आपल्या चार्जिंग केबलपेक्षाही कितीतरी बारीक.

आयडिया सुचणं एक आणि वस्तू बनणं वेगळं. फोगार्टींनी फुग्यासाठी सर्जिकल ग्लोव्हच्या बोटाचं टोक घेतलं. पण ते लॅटेक्स प्लॅस्टिकच्या नळीला चिकटवायचं कशाने? त्या काळात असा गोंदच नव्हता. मग कामी आला मासेमारीचा छंद. गळाला लावायच्या कृत्रिम माश्या बनवताना दोऱ्याच्या बारीक गाठी माराव्या लागतात, तशाच गाठी मारून त्यांनी फुगा नळीला बांधला. काचेच्या नळ्यांत जेली भरून ट्रायल घेतल्या. पुन्हा फुगा फुटला, पुन्हा बांधला. हा माणूस तेव्हा मेडिकलचा विद्यार्थी होता, हे लक्षात घ्या.

१९६० मध्ये ते सिनसिनाटी विद्यापीठातून डॉक्टर झाले. १९६१ मध्ये हे उपकरण पहिल्यांदा पेशंटवर वापरलं गेलं. १९६३ मध्ये क्रॅनली आणि इतर सहकाऱ्यांबरोबर शोधनिबंध छापून आला.

मग कंपन्या मागे लागल्या का?

छे! कंपन्यांनी नकार दिला. धमनीच्या आतून काही ओढून काढायचं ही कल्पनाच तेव्हाच्या जाणकारांना धोकादायक वाटत होती. सुरुवातीला फोगार्टी हातानेच नळ्या बनवत होते. पुढे ओरेगॉनमध्ये सर्जरीचं प्रशिक्षण घेताना हृदयाच्या कृत्रिम झडपेसाठी प्रसिद्ध असलेले डॉ. अल्बर्ट स्टार भेटले. त्यांची झडप बनवणारे इंजिनिअर लोवेल एडवर्ड्स यांच्याकडे स्टार यांनी शब्द टाकला आणि उत्पादन सुरू झालं. पेटंट मिळायला मात्र १९६९ साल उजाडलं. मला वाटतं, या गोष्टीत प्रतिभेइतकंच ओळखीलाही श्रेय आहे, फक्त ते फारसं कुणी सांगत नाही.

एक गल्लत मात्र करू नका. हार्ट अटॅकनंतर करतात ती अँजिओप्लास्टी म्हणजे ही नव्हे. तो कडक फुगा आंद्रेयास ग्रुंटझिग यांचा, १९७७ मध्ये झुरिकमध्ये हृदयाच्या धमनीत वापरलेला. फोगार्टींचा मऊ फुगा गुठळी ओढून काढतो, ग्रुंटझिग यांचा फुगा अडथळा दाबून वाट मोकळी करतो. पण आतून, फुग्याने काम करायची वाट आधी फोगार्टींनी दाखवली.

सर्जनपासून उद्योजकापर्यंत

यानंतर ते कॅलिफोर्नियात स्थिरावले, स्टॅनफर्डमध्ये शिकवलं, ऑपरेशन्स केली आणि एकामागून एक कंपन्या काढल्या. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पेटंट आहेत. १९९३ मध्ये ते थ्री आर्च पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेच्या संस्थापकांत होते, आणि २००७ मध्ये गुगलच्याच गावात, माउंटन व्ह्यूमधल्या एल कॅमिनो हॉस्पिटलच्या आवारात त्यांनी नव्या शोधकर्त्यांसाठी संस्था सुरू केली. २०१४ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. (हो, आणि सांताक्रुझच्या डोंगरात स्वतःची वायनरीही. हे सांताक्रुझ कॅलिफोर्नियातलं, मुंबईतलं नाही!)

त्यांचं दुसरं मोठं काम म्हणजे अ‍ॅन्यूआरएक्स. पोटातल्या मुख्य धमनीला फुगवटा आला तर ती कधीही फुटू शकते. पोट उघडण्याऐवजी जांघेतून कापडाचं आवरण असलेला स्टेंट आत बसवायचा, ही ती पद्धत. हे उपकरण पुढे मेडट्रॉनिक कंपनीकडे गेलं. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला मंजुरी दिली.

त्याच महिन्यात मंजूर झालेलं, तेच काम करणारं दुसऱ्या कंपनीचं उपकरण होतं अँक्युअर. ते बसवताना अडचणी येत होत्या, पण कंपनीने अडीच हजारांहून जास्त तक्रारी एफडीएपासून लपवल्या. त्यात मृत्यूही होते. कंपनीतल्याच काही कर्मचाऱ्यांनी निनावी पत्र लिहिलं तेव्हा प्रकरण बाहेर आलं. २००३ मध्ये गायडंटच्या या उपकंपनीने गुन्हा कबूल केला आणि ९.२४ कोटी डॉलर भरले. फोनमध्ये बग असला तर अपडेट येतो. धमनीत बसवलेल्या स्टेंटला अपडेट येत नाही. म्हणून डॉक्टर जेव्हा स्वतःच कंपनीचा मालक असतो, तेव्हा पेशंटने "यात तुमचा हिस्सा आहे का?" असं विचारण्यात गैर काहीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे हे करायचं असेल तर?

भारतात १ जानेवारी २०१८ पासून मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ लागू आहेत. धोक्यानुसार चार वर्ग आहेत. घसा बघायची पट्टी ए वर्गात, इंजेक्शनची सुई बी, व्हेंटिलेटर सी आणि हृदयाची झडप डी वर्गात. वर्ग जितका वरचा, तितके पुरावे जास्त द्यावे लागतात. आणि हो, निदान करतो असा दावा करणारं सॉफ्टवेअरही आता मेडिकल डिव्हाइसच्या व्याख्येत येतं, मग ते तुमच्या फोनमधलं अ‍ॅप का असेना.

इंजिनिअरिंग करत असाल तर आयआयटी मुंबईतलं 'बेटिक' हे केंद्र शोधून बघा. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राशी पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी जोडलेलं आहे. तिथे डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून उपकरणं बनवतात. आणि बाजारात आल्यावर उपकरणाने त्रास दिला तर त्याची नोंद घेण्यासाठी २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे. तिथे डॉक्टरच नाही, पेशंटही तक्रार कळवू शकतो.