चार दिवसांचे वेष : खानदेशच्या ऋतुशृंगाराची हकीकत

वेषभूषेचा इतिहास लिहू पाहणारास पहिली अडचण पडते ती अशी की, जे वेष मोलाचे होते तेच तेवढे मागे राहिले आहेत. पैठणीचा पदर, जरीचा अंगरखा, सरदाराची पगडी या वस्तू पिढ्यानपिढ्या पेटीत जपल्या जातात आणि दैवयोगाने संग्रहालयाच्या कपाटातही जाऊन बसतात. परंतु साखरेचा मुकुट, वाळल्या भोपळ्यांचा कमरपट्टा, बैलाच्या कपाळीचे कागदी बाशिंग, नारळास घातलेली नथ यांचे आयुष्य चार दिवसांचे. सण सरला की मुकुट मुले खाऊन टाकतात, बाशिंग पावसात भिजून जाते आणि नथ पुन्हा घरधनिणीच्या डब्यात जाते. म्हणून त्यांची नोंद कोणी ठेवीत नाही. वस्तुतः एखाद्या प्रांताचे लोक कसे हसत-खेळत होते, आणि आपल्या खेळात कोणास सामील करून घेत व कोणास बाहेर ठेवीत, हे जरतारीपेक्षा या नाशिवंत शृंगारावरूनच अधिक चांगले कळते. खानदेशापुरती ही हकीकत येथे थोडक्यात सांगावयाची आहे.

खानदेश म्हणजे सातपुड्याच्या दक्षिणेस तापीच्या दोहो तीरांस पसरलेला मुलूख. १९०६ मध्ये सरकारने त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे केले. तेच पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. या मुलखाची काळी जमीन कापसाची. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवीमुळे विलायतेतील गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास आगगाडी भुसावळपर्यंत येऊन पोहोचली, आणि पुढे जळगाव, अमळनेर, धुळे येथे गिरण्यांची धुराडी उभी राहिली. अशा कापसाच्या देशात सणाचे वेषही कापडाचेच असावेत असे कोणासही वाटेल. मौज अशी की, येथल्या लोकांचा सर्वांत कल्पक शृंगार कापडाचा नव्हेच. ज्या ऋतूत जे पिकते, झडते किंवा वाळते, त्यातूनच तो घडविलेला असतो.

श्रावणापासून आरंभ करू. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. कानबाई म्हणजे नारळ. पण त्यास लुगडे नेसवून, नथ घालून, गळ्यात मंगळसूत्र व दागिने चढवून घरच्या मंडळींनी पाटावर बसविले की, त्यास नारळ म्हणण्याची कोणाची छाती होत नाही. परगावी गेलेले भाऊबंद त्या दिवशी एकत्र येतात, रोटांचा नैवेद्य होतो, रात्र गाण्यांत जाते, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर देवीस निरोप दिला जातो. पुष्कळ कुटुंबांत तेच नारळ वर्षानुवर्षे जपून ठेवलेले असते. म्हणजे मूर्ती जुनी आणि शृंगार दर साली नवा. नारळाच्या शेंडीखाली भांग कोठे पडतो व नथ कोणत्या बाजूस शोभते यावर घरच्या बायका ज्या गंभीरपणे वाद घालतात, तो पाहिला म्हणजे भक्ती आणि खेळ यांच्यामधली भिंत किती पातळ असते हे कळून येते.

त्याच महिन्याच्या अमावास्येस पोळा येतो. वर्षभर जू ओढणारा बैल त्या दिवशी नवरदेव होतो. आदल्या दिवशी खांदेमळणी होते. गरम पाण्याने व हळद-लोण्याने त्याचे जुवाने घट्टे पडलेले खांदे शेकून मळतात. दुसरे दिवशी न्हाऊ घालून शिंगे रंगवितात, त्यांवर बेगड चिकटवितात, शिंगांच्या टोकांस गोंडे बांधतात. अंगावर झूल, गळ्यात घुंगुरमाळ, कपाळास बाशिंग. ज्याची ऐपत असेल त्याची झूल रेशमी. नसेल तो घरच्या जुन्या लुगड्याची झूल करतो आणि ठिगळांचीच नक्षी काढतो. गावच्या वेशीत बैल उभे राहिले म्हणजे सधन पाटलाच्या जोडीशेजारी सालदाराने सजविलेली जोडी उभी असते, आणि पाहणारे लोक शृंगाराची तारीफ करताना धन्याचे नाव घेतातच असे नाही; हात कोणाचा आहे हे ते ओळखतात.

श्रावण संपून थंडी पडली की शृंगाराचे साहित्यही पालटते. खानदेशचा उन्हाळा भट्टीसारखा असतो हे सर्वश्रुत आहे, पण पौषातील थंडीही काही कमी बोचरी नसते. संक्रांतीचा वेष या थंडीवरच उभारलेला आहे. एरवी मंगलकार्यात वर्ज्य मानलेला काळा रंग त्या दिवशी मानाचा ठरतो, कारण काळे वस्त्र ऊब धरते. नव्या सुनेस काळी चंद्रकळा नेसवून तिच्या अंगावर हलव्याचे दागिने घालावयाचे, आणि पहिल्या संक्रांतीच्या बालकास काळे झबले घालून, साखरेचा मुकुट व हाती साखरेची मुरली देऊन बाळकृष्ण करावयाचा. मग त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे व चुरमुरे ओतून बोरन्हाण घालावयाचे, हा प्रघात महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांस परिचित आहे. पण हलव्याचा काटा फुलविणे हे किती कष्टाचे व कसबाचे काम आहे, हे खाणाऱ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असते. परातीत तीळ किंवा खसखस घेऊन ती मंद निखाऱ्यावर ठेवावयाची, चमच्याचमच्याने साखरेचा पाक सोडावयाचा, आणि बोटांनी सारखे हलवीत राहावयाचे. पाक घाईने पडला तर गोळा होतो, हवा दमट असली तर काटा उठत नाही. कोरडी थंडी हवी आणि चटके सोसणारी बोटे हवीत. दाण्यावर पुटे चढत चढत काटा उभा राहावयास तासच्या तास लागतात, आणि मग त्या दाण्यांची ठुशी, बाजूबंद, तोडे गुंफावयाचे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. परातीपाशी बसून बोटे भाजून घेणारी ती स्त्री पुष्कळ घरांत विधवा आत्या किंवा विधवा जाऊ असे. तिने हलवा करावा, दागिने ओवावेत, आणि हळदीकुंकवाच्या वेळी माजघराच्या दाराआड व्हावे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला, पण कायद्याने शृंगार परत मिळत नाही. काळी चंद्रकळा, हलव्याची माळ, डोहाळजेवणातील फुलांची वाडी, हे सारे जिला घालता येत नसे तिच्याच हातांत बहुधा त्यांचे सर्वांत उत्तम कसब असे. आपण ज्यास घरचा आनंद म्हणतो त्याच्या हिशेबात ही बाजूही लिहिली पाहिजे. अलीकडे काही कुटुंबांनी ही आडकाठी मोडून काढली आहे, आणि खानदेशात ती सर्वच मोडावी असे प्रस्तुत लेखकास मनापासून वाटते.

माजघरातून आता सातपुड्यात जाऊ; कारण फाल्गुनात खानदेशातला सर्वांत अद्भुत वेष तेथे पाहावयास मिळतो. अक्कलकुवा, धडगाव या डोंगरी भागातील भिल्ल व पावरा लोकांचे वर्ष होळीभोवती फिरते. होळीपूर्वी भोंगऱ्याचे बाजार भरतात. काठी हे पूर्वी मेवासी जहागिरीचे ठिकाण. तेथील होळी रजवाडी होळी म्हणून प्रसिद्ध आहे. रात्रभर नाच चालतो आणि उंच बांबूची ती होळी पहाटे पेटते. नाचणारांत बावा, बुध्या, मोरखी अशी निरनिराळी सोंगे असतात. अंगावर राखेचे व रंगाचे ठिपके, कमरेस वाळल्या भोपळ्यांच्या व घुंगरांच्या माळा, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा मोरपिसांनी मढविलेला उंच टोप. नर्तकाने पाय आपटला की भोपळे खडखडतात, घुंगरे वाजतात आणि टोप झुलतो. वेष हेच वाद्य होऊन जाते.

या वेषाची घडण पाहावी. मोर आपला पिसारा पावसाळा सरता सरता झाडतो. ती पिसे रानातून वेचून ठेवावी लागतात. भोपळ्याचा वेल पावसाळ्यात चढतो आणि फळ हिवाळ्यात वाळून टणक होते. म्हणजे फाल्गुनात अंगावर चढणारा हा साज सहा महिने आधीपासून जमत आलेला असतो. तो घालणाराही सहज घालीत नाही. नवस बोललेला माणूस होळीच्या आगेमागे काही दिवस खाटेवर निजत नाही, ब्रह्मचर्य पाळतो, बाईच्या हातचे अन्न घेत नाही. शहरातील माणूस ज्यास सोंग म्हणून हसतो, ते धारण करणाराच्या दृष्टीने व्रत असते. आणि तरीही ते पाहून त्याच्याच गावची पोरे खिदळतात, व त्यात कोणास अपमान वाटत नाही.

याच लोकांच्या अंगावर इतिहासाने एक दुसराही वेष चढविला होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडून खानदेश कंपनी सरकारच्या हाती गेला, तेव्हा डोंगरांतील भिल्लांनी नव्या अमलास दाद दिली नाही. शेवटी १८२५ मध्ये जेम्स औट्रम या तरुण अंमलदाराने धरणगावी भिल्ल पलटण उभारण्यास आरंभ केला. पलटणीत गोळा करून आपला घात करण्याचा हा डाव असावा, अशी शंका आरंभी भिल्लांच्या मनात होती. औट्रमने त्यांच्याबरोबर शिकारी करून, त्यांच्यात राहून ती दूर केली, आणि कवायतीचा वेष त्यांच्या अंगावर आला. सरकारी दप्तरांत या पलटणीची हकीकत सविस्तर आहे. होळीच्या टोपाची तशी नाही. एक वेष बारा महिने सारखा, वरून दिलेला, माणसांस एका ओळीत उभा करणारा. दुसरा वर्षातून थोडेच दिवस टिकणारा, स्वतः गुंफलेला, प्रत्येकाचा निराळा. सरकारी चाकरीने मने बांधली जातातच असे नाही, हेही पुढे दिसून आले. सेंधवा घाटाच्या राखणीचे काम केलेला खाज्या नाईक १८५७ च्या धामधुमीत सरकारावर उलटला, आणि १८५८ च्या एप्रिलात आंबापाणी येथे भिल्लांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली.

खेड्यातील हा नाशिवंत शृंगार एकदा मात्र हिंदुस्थानच्या इतिहासाच्या हमरस्त्यावर आला. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले, ते पूर्व खानदेशातील फैजपूर येथे. शोभेचे सर्व काम खेड्यातल्याच साहित्याने व्हावे असा गांधीजींचा आग्रह होता, आणि त्यासाठी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांस पाचारण केले होते. बांबू आणि चटया यांतून त्यांनी टिळकनगर उभे केले, आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांच्या मिरवणुकीसाठी रथ सजविला. त्यास सहा बैलजोड्या जुंपल्या होत्या. आजवर अध्यक्षांच्या मिरवणुका घोड्यांच्या व मोटारींच्या डौलात निघत. त्या दिवशी खानदेशच्या शेतकऱ्याने पाहिले की, आपण पोळ्यास दारी करतो तीच कला राष्ट्राच्या अध्यक्षास पुरेशी मानाची ठरली आहे. दर श्रावणी अमावास्येस येणारा पोळा त्या वर्षी खानदेशात दोनदा आला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आजची स्थिती काय? हलव्याचे दागिने पुठ्ठ्यावर चिकटविलेले तयार मिळतात. ते दिसावयास सुबक असतात, पण सण झाल्यावर मुलांनी ते खावेत अशी सोय नसते. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आल्याने पोळ्याच्या रांगा आखूड झाल्या आहेत. होळीच्या नर्तकांस शहरांतील समारंभांत भर श्रावणात किंवा थंडीत टोप घालून बोलाविले जाते. त्यांची कला चार लोकांनी पाहिली याचा आनंद आहे. पण व्रतावाचून व ऋतूवाचून, हुकुमासरशी चढविलेला तो टोप कवायतीच्या वेषाच्या जवळ जातो, हेही ध्यानात असावे. काळ बदलतो त्यास इलाज नाही. जुने ते सारे टिकावे असा हट्टही येथे नाही; वर सांगितलेली माजघराच्या दाराआडची रीत तर जावी हेच उत्तम. मात्र जे जाते त्याची नोंद तरी राहावी.

जळगावजवळच्या असोद्याच्या लेकीचे, बहिणाबाई चौधरींचे (१८८०–१९५१) उदाहरण घरचेच आहे. त्यांस लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात व जात्यावर सुचलेली त्यांची गाणी वाऱ्यावर जावयाची. पण चिरंजीव सोपानदेव व त्यांचे आप्त पितांबर यांनी ती टिपून ठेविली, आणि बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने महाराष्ट्रापुढे आली. गाण्यांस लिहून घेणारा भेटला. साखरेच्या मुकुटास व पोळ्याच्या झुलीस तो अद्याप भेटावयाचा आहे. वाचकांच्या घरी काटा फुलविणारी एखादी वृद्ध आत्या असेल, कानबाईचा साज चढविणारी आजी असेल, गोंडे वळणारा एखादा जुना सालदार ओळखीचा असेल. पुढील संक्रांतीपूर्वी एक वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे, पाक किती तारी, निखारा किती मंद, गोंड्याचा पीळ कोणत्या हाताचा, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव घालावे.