शहाद्याच्या पऱ्हाटीपासून इथेनॉल बनू शकतं, मग अडतंय कुठं?

नंदुरबार जिल्ह्यातलं शहादा म्हणजे ऊस, केळी, पपई आणि कापसाचा पट्टा. पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे, त्यामुळं ऊस आणि इथेनॉलचं नातं इथं कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही. पण वेचणी संपल्यावर रानात उरणारी कपाशीची पऱ्हाटी? ती एकतर चुलीत जाते, नाहीतर बांधावर पेटवली जाते. गंमत म्हणजे तिच्यापासूनही तेच इथेनॉल बनतं.

इथेनॉलसाठी लागते साखर. मळीत ती तयारच असते, म्हणून यीस्ट टाकलं की आंबवण सुरू. पऱ्हाटी, उसाचं पाचट, भाताचा पेंढा यांतही साखर असते, पण सेल्युलोजच्या रूपात. ग्लुकोजचे हजारो रेणू एकमेकांना जोडून झालेली ही लांब साखळी. भाकरीतला स्टार्चही ग्लुकोजचाच, फक्त जोड वेगळा. तेवढ्या फरकामुळं भाकरी आपल्याला पचते आणि कापूस पचत नाही.

ही साखळी तोडण्याचं रहस्य सापडलं ते कापसातूनच. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजायला लागले. कारण शोधताना सॉलोमन बेटांवर एक बुरशी हाती लागली. तिला पुढं संशोधक एल्विन रीस यांच्यावरून ट्रायकोडर्मा रीसाय हे नाव मिळालं. मर रोगासाठी शेतकरी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतात ना, त्याच कुळातली ही. तिच्यातून निघणारी सेल्युलेज एन्झाइम्स सेल्युलोजचे तुकडे करून ग्लुकोज मोकळं करतात.

पण एन्झाइम्सना आधी सेल्युलोजपर्यंत पोहोचावं लागतं. त्याच्याभोवती लिग्निनचं चिवट आवरण असतं आणि पऱ्हाटी तर लाकडासारखी टणक. म्हणून आधी कुट्टी, मग सौम्य आम्ल आणि दाबाखालची वाफ. त्यानंतर एन्झाइम्स, यीस्ट आणि शेवटी ऊर्ध्वपातन. यातही मेख आहे. हेमिसेल्युलोजमधून झायलोज नावाची वेगळी साखर निघते आणि नेहमीचं यीस्ट तिला तोंड लावत नाही. त्यासाठी खास यीस्ट तयार करावं लागतं.

याला दुसऱ्या पिढीचं किंवा टू-जी इथेनॉल म्हणतात. मोबाईलच्या टू-जीशी संबंध नाही. या तंत्रज्ञानावर पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं काम केलं आणि २०१७ मध्ये पुणे जिल्ह्यातच प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. ऑगस्ट २०२२ मध्ये हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा मोठा प्रकल्प सुरू झाला, तोही प्राजच्याच तंत्रज्ञानावर. खर्च ९०० कोटींहून जास्त. वर्षाला २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची क्षमता. म्हणजे टनामागे १५० लिटर.

एवढा खटाटोप कशाला? कारण डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले होते. पऱ्हाटी कुणाच्या ताटातली नाही, तिच्यावर अशी वेळ यायचं कारण नाही. उसाच्या चिपाडाचा पर्याय असतो, पण कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज काढतात. म्हणजे तो कचरा नाहीच.

खरी अडचण रानातच आहे. पानिपतएवढा प्रकल्प चालवायचा तर रोज पाचशे टनांहून जास्त माल लागेल. पऱ्हाटी मात्र वर्षातले दोन-तीन महिनेच मिळते, तीही लहान-लहान शेतांत विखुरलेली. ट्रॉली शिगोशीग भरते, पण वजन भरत नाही, त्यामुळं वाहतूक महाग पडते. मग साठवून ठेवावी, तर गुलाबी बोंडअळी आडवी येते. पऱ्हाटीला राहिलेल्या किडक्या बोंडांत अळ्या दडून बसतात आणि पुढच्या हंगामात नव्या कपाशीवर उतरतात. म्हणूनच पऱ्हाटीचे ढीग शेताजवळ ठेवू नका, असं कृषी विभाग सांगतो. मग ती वेचणी संपताच उपटून, कुट्टी करून हलवावी लागणार. त्यासाठी मजूर, यंत्र आणि भाडं लागतं. शेतकऱ्याला काडी लावणं फुकट पडतं, आणि पऱ्हाटीच्या भावाला आधी या फुकटाशी स्पर्धा करायची आहे.