अंगणांतील वीज

दिवाळी जवळ आली कीं आकाशकंदिलासाठीं खिडकीच्या फटींतून एक वायर बाहेर निघते. एक टोंक दिवाणखान्यांतील प्लगमध्यें, दुसरें अंगणांतल्या पेरूच्या फांदीवर, आणि मधला सांधा चिकटपट्टीनें गुंडाळलेला. हटकलें तर गृहस्थ म्हणतात, "फ्यूज आहे ना!" हा विश्वास कोठें अपुरा पडला आणि ती उणीव कशी भरून निघाली, तें आज सांगावयाचें आहे.

तारेला सोसवेल त्याहून अधिक प्रवाह वाहूं लागला कीं फ्यूज वितळतो आणि आग टळते. म्हणजे तो राखण करतो ती तारेची, माणसाची नव्हे. घरांत कोरडी जमीन व पायांतील चपला पुष्कळ चुका पोटांत घालतात. अंगणांत मात्र अनवाणी पाय ओल्या मातीवर असतात, आणि विजेला तेवढीच वाट पुरते.

किती थोडी वीज घातक ठरते, हें मोजण्याचें काम बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनीं १९४० नंतरच्या दशकांत केलें. स्वयंसेवकांच्या मुठींत तार देऊन ते प्रवाह हळूहळू वाढवीत आणि कोणत्या मर्यादेनंतर मूठ उघडतां येत नाहीं, तें टिपून घेत. पुरुषांत ही मर्यादा सरासरीनें १६ मिलिअँपिअर, तर स्त्रियांत साडेदहा निघाली. आपल्या दिव्यांच्या जोडणीवरील फ्यूज सामान्यतः ५ अँपिअरचा, म्हणजे या दुसऱ्या आंकड्याच्या जवळजवळ पांचशेंपट! माणूस तारेला चिकटून राहील, आणि फ्यूजला त्याची वार्ताहि लागणार नाहीं.

उपाय निघाला तो मोठा सोपा. जाणारी व परतणारी अशा दोन्ही तारा एकाच लोहवलयांतून न्यावयाच्या. दोहोंतील प्रवाह सारखे असतील तर त्यांचा परिणाम एकमेकांस नाहींसा करतो. त्यांतील थोडा जरी माणसाच्या अंगावाटे जमिनींत गेला, तरी तोल बिघडतो आणि खटका तत्काळ पडतो. दक्षिण आफ्रिकेंत हेन्री रुबिन यांनीं खाणींतील अपघात टाळण्याच्या खटपटींतून २० मिलिअँपिअरला सुटणारें असें साधन सिद्ध केलें, व १९५७-५८ मध्यें स्टिलफाँटेन या सोन्याच्या खाणीच्या वस्तींतील घरांत तें बसलें. डाल्झिएल यांचें ५ मिलिअँपिअरचें साधन १९६१ मधलें. अमेरिकेच्या विद्युत्-संहितेनें तें प्रथम १९६८ मध्यें पोहण्याच्या तलावांतील दिव्यांसाठीं मागितलें, आणि १९७३ पासून घराबाहेरील सॉकेटांसाठीं. बाहेरच्या सॉकेटाचा क्रम इतका वरचा लागला, यांत नवल नाहीं.

आपल्याकडे केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनीं असें साधन आवश्यक ठरविलें. पण ५ किलोवॅटहून कमी भाराच्या घरगुती जोडण्यांना त्यांतून सूट होती. माझ्या मतें ज्यांना तें सर्वांत हवें होतें, तींच घरें बाहेर राहिलीं.

तेव्हां अंगणांत सॉकेट हवेंच असेल, तर परवानाधारक कारागिराकडून मुख्य फलकापासून स्वतंत्र जोडणी घ्यावी. फलकावर ३० मिलिअँपिअरचें तें साधन असावें. वायर तिहेरी असून अर्थची तार कोठेंहि तुटलेली नसावी. सॉकेट झांकणाचें, पावसाची झड पोंचणार नाहीं असें उंच असावें. ३० मिलिअँपिअर मूठ सुटण्याच्या मर्यादेहून अधिक खरे, परंतु हृदयाची लय बिघडण्यापूर्वींच प्रवाह तुटतो. एक मात्र ध्यानांत असूं द्यावें: दोन हातांत दोन तारा धरल्या आणि पायाखालीं कोरडें लांकूड असलें, तर वलयाचा तोल ढळत नाहीं, व हा पहारेकरी स्वस्थ बसतो.

साधनावर चांचणीचें एक लहान बटण असतें. तें दाबल्यावर खटका पडला पाहिजे. कंदील लावण्याच्या आदल्या दिवशीं तें दाबून पाहावें. खटका न पडल्यास त्या वर्षीं अंगणांत पणत्या लावाव्या.