चौथ्या स्लॉटचा मोह

औरंगाबादेत असेंबल्ड कॉम्प्युटरचा धंदा मी पाहिला तो निराला बाजार, समर्थनगर आणि पुढे सिडकोतल्या कॅनॉटच्या गाळ्यांमध्ये. माल यायचा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. गिऱ्हाइकं तीन जातीची: डीटीपीवाले, इंजिनिअरिंगची पोरं आणि लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग करणारे. तिघांचंही एकमत असे की बोर्डावर जेवढे स्लॉट, तेवढ्या रॅम भरायच्या. रिकामा स्लॉट म्हणजे दुकानदाराने कुठेतरी हात मारलाय!

हा समज उगाच आलेला नव्हता. ४८६च्या बोर्डावर ३० पिनांच्या सिम, म्हणजे रॅमच्या पट्ट्या, एकसारख्या चार लावल्याशिवाय मशीन उठतच नसे. एक सिम ८ बिट देई, प्रोसेसरला हवे ३२. पेंटियमला ७२ पिनांच्या जोडीने लागत. १६८ पिनांची एसडीरॅम आली आणि एका स्टिकवर काम भागू लागलं, पण भरून टाकण्याची सवय राहिली ती राहिलीच.

मग १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला, आणि हॉस्टेलच्या पोरांना वेड लागलं. त्याच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांमधली बी२१ नावाची पट्टी नेलपेंटने किंवा चिकटपट्टीने झाकली, की ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड बस ६६ऐवजी १०० मेगाहर्ट्झवर चालवी. ३००चा प्रोसेसर ४५० होई. बहिणीची नेलपेंटची बाटली घेऊन दुकानात आलेली पोरं मी पाहिली आहेत. काहींना तेवढ्यावर समाधान नसे. पेंटियम थ्री लावून बस १३३ला न्यायची. तिथे मात्र रॅम आडवी यायची. एका स्टिकवर विंडोज सुरळीत उठे, दोनवर बहुधा उठे. तिसरी लावली की निळा पडदा, नाहीतर नुसत्या बीप. पोरगं म्हणे स्टिक खराब आहे. मी खोडरबरने पिना घासून तीच स्टिक एकटी लावून दाखवी, ती झक्क चाले.

दोष स्टिकचा नसे, तारांचा असे. एका चॅनेलवरच्या साऱ्या स्टिक त्याच तारांवर टांगलेल्या असतात. प्रत्येक चिप थोडा विद्युतभार पिते, म्हणून मेमरी कंट्रोलरचा सिग्नल चढायला उशीर होतो. शिवाय तारेला जिथे फाटा फुटतो तिथून त्याचा थोडा भाग परावर्तित होऊन परत येतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. ६६ मेगाहर्ट्झला एका ठोक्यात १५ नॅनोसेकंद मिळतात, तेवढ्यात गोंधळ निवतो. १३३ला मिळतात साडेसात. त्यात आमचा मे महिना! जानेवारीत रात्रभर मेमटेस्ट पास झालेलं मशीन ४० अंशांच्या दुपारी कुरकुरायला लागे.

खुद्द इंटेललाही हे भोवलं. सप्टेंबर १९९९मध्ये ८२० चिपसेट बाजारात यायचा होता. त्यावरच्या रॅमबस जातीच्या मेमरीचे तीनही स्लॉट भरले की चुका होतात हे ऐनवेळी लक्षात आलं, आणि तो नोव्हेंबरमध्ये दोनच स्लॉटांनिशी आला. पुढच्या वर्षीच्या ८१५मध्ये तर नियमच होता: दोन्ही बाजूंना चिपा असलेल्या दोन स्टिक १३३वर, तिसरी लावली की सगळ्या १००वर. मी हे समजावू लागलो की गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात जाई, आणि तिथे त्याला तीन स्टिक मिळत.

मिक्सिंगवाल्यांची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते तेच शहाणे. त्यांना ओव्हरक्लॉकचं कौतुक नव्हतं; टाइमलाइन अडकू नये एवढंच हवं. रॅम कमी पडली की काम हार्ड डिस्कवर जातं, आणि डिस्क रॅमपेक्षा हजारो पटींनी मंद. अशा वेळी चारही स्लॉट भरून वेग थोडा घटला तरी फायदाच. फक्त एक्सपीच्या काळात एक-एक जीबीच्या चार लावूनही स्क्रीनवर सव्वातीनच्या आसपास दिसे, आणि उरलेली कुठे गेली हे समजावता समजावता चहा गार होई. ३२ बिटांच्या विंडोजची ती मर्यादा होती.

तारांची अडचण आजही संपलेली नाही, वेगाबरोबर ती वाढलीच आहे. २०१७च्या पहिल्या रायझन प्रोसेसरला एका बाजूच्या चिपांच्या दोन स्टिक २६६७वर मान्य होत्या, चार असल्या की २१३३. २०२२च्या रायझन ७०००चा अधिकृत आकडा दोनला ५२००, चारला ३६००. ६०००ची ओव्हरक्लॉक किट आणून आणखी दोन स्टिक जोडणाऱ्याला पहिल्यांदा काही मिनिटं काळा स्क्रीनच दिसतो. बोर्ड तेव्हा सिग्नल जुळवत असतो. घाबरून बटण दाबलं की पुन्हा पहिल्यापासून. चिकलठाण्याच्या टूलरूमचं डिझाइन करणारा आला तर मी चार भरतो आणि वेग मुकाट्याने खाली आणतो. गेम खेळणाऱ्याला मोठ्या दोनच देतो, बहुतेक बोर्डांवर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये.

पण काचेच्या कॅबिनेटमध्ये दोन रिकामे स्लॉट पोरांना बघवत नाहीत. त्यावर गिगाबाइटने २०१८मध्ये एक किट काढली: दोन खऱ्या स्टिक आणि दोन नुसत्या दिव्यांच्या, आत मेमरीची चिप नाही. चारही स्लॉट झगमगतात, तारांवर बोजा दोनचाच.