ऑक्टेनचा आकडा आणि शिशाचा इतिहास

पेट्रोल पंपावर हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो: 'साधं टाकू की प्रीमियम?' लिटरमागे बरेच रुपये जास्त मोजले की गाडी जोरात पळते आणि अ‍ॅव्हरेजही वाढतं, असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी जाणकार प्रत्येक शाळेच्या स्टाफरूममध्ये असतो. आमच्याही आहे. हा दावा किती खरा, हे पाहायला मी वाचायला बसलो आणि थेट शंभर वर्षं मागे गेलो. मिळालेलं उत्तर दोन वाक्यांचं आहे. त्यामागचा इतिहास मात्र प्रत्येकाने वाचावा असा आहे.

आधी उत्तर. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, त्याची सहनशक्ती. इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ दाबली जाते, मग ठिणगी पडते. दाब फार वाढला तर ठिणगीची ज्योत सगळीकडे पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. इंजिनातून टकटक आवाज येतो, ताकद वाया जाते आणि पिस्टनही खराब होऊ शकतो. यालाच नॉकिंग म्हणतात. जे पेट्रोल जास्त दाबातही आपोआप भडकत नाही, त्याचा ऑक्टेन जास्त. म्हणून ज्या इंजिनात दाब जास्त आहे किंवा टर्बो आहे आणि कंपनीने स्वतःच जास्त ऑक्टेन सांगितला आहे, तिथे त्याचा फायदा होतो. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाडीत ९१ ऐवजी ९५ ऑक्टेन घातल्याने फारसं काही होत नाही, कारण तिथे सहनशक्तीची परीक्षाच होत नाही.

आता इतिहास. १९१०च्या दशकात मोटार कंपन्यांना नॉकिंगने हैराण केलं होतं. दाब वाढवला तर कमी पेट्रोलमध्ये जास्त काम होणार हे इंजिनिअरांना ठाऊक होतं, पण त्या काळचं पेट्रोल तेवढा दाब सोसत नव्हतं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली हा तरुण इंजिनिअर या कामाला लागला. त्याने असंख्य पदार्थ पेट्रोलमध्ये मिसळून पाहिले. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग, मिसळलं आणि टकटक थांबली. अगदी थोडी मात्रा पुरत होती.

शिसं विषारी आहे हे तेव्हा काही गुपित नव्हतं. रंगाच्या आणि शिशाच्या कारखान्यांतले मजूर त्याने आजारी पडतात, हे डॉक्टर कित्येक वर्षं सांगत होते. दुसरा उपायही हाताशी होता. अल्कोहोल मिसळलं तरी नॉकिंग थांबतं, हे मिजलीलाच माहीत होतं. पण त्यासाठी अल्कोहोल बरंच घालावं लागतं, आणि ते कोणीही शेतमालापासून बनवू शकतो, त्यावर एका कंपनीची मालकी चालत नाही. शिशाच्या मिश्रणावर पेटंट होतं.

फेब्रुवारी १९२३ मध्ये हे पेट्रोल डेटनमध्ये विकायला आलं. त्याचं नाव ठेवलं 'एथिल'. नावात शिशाचा उल्लेखही नव्हता. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या मोटार शर्यतीत पहिल्या तिन्ही गाड्यांत हेच पेट्रोल होतं, आणि त्याची कीर्ती पसरली. १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी यांनी मिळून एथिल कंपनी काढली.

ऑक्टोबर १९२४. न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे संयुग बनवणारे मजूर भ्रमिष्टासारखे वागू लागले. काहींना बांधून इस्पितळात न्यावं लागलं. पाच जण दगावले. त्यानंतर काही दिवसांतच मिजलीने पत्रकारांपुढे ते द्रव हातांवर ओतून घेतलं आणि मिनिटभर त्याचा वास घेतला. शिशाच्या बाधेतून बरं होण्यासाठी त्याने स्वतःच त्याआधी काही काळ रजा घेतली होती, हे मात्र तिथे सांगितलं गेलं नाही.

मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने परिषद बोलावली. हार्वर्डच्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी बजावलं की शिसं कारखान्यापुरतं राहणार नाही, ते रस्त्यावर येईल. समितीने थोडे महिने तपासणी केली आणि बंदी घालण्याइतका पुरावा नाही असं ठरवलं. विक्री पुन्हा सुरू झाली. पुढची चाळीस वर्षं या विषयावरचं संशोधन मुख्यतः उद्योगाच्या पैशावर आणि उद्योगाचेच सल्लागार असलेल्या डॉ. रॉबर्ट किहो यांच्या देखरेखीखाली चाललं.

याच काळात, १९२६ मध्ये, एथिल कंपनीतल्या ग्रॅहम एडगर यांनी पेट्रोल मोजायची पट्टी तयार केली. सहज भडकणारं हेप्टेन शून्य, न भडकणारं आयसो-ऑक्टेन १००. आज पंपावर दिसणारा ९१ किंवा ९५ हा आकडा त्याच पट्टीवरचा. पट्टी चोख होती, पण ती इंजिनाचा आवाज मोजत होती. माणसाच्या रक्तातलं शिसं मोजायची घाई कोणालाच नव्हती.

ते काम केलं क्लेअर पॅटरसन यांनी. पृथ्वीचं वय मोजताना त्यांना जिथे तिथे शिसं आढळू लागलं. १९६५ मध्ये त्यांनी लिहिलं की माणसाच्या शरीरातलं हे शिसं नैसर्गिक नाही, आपणच ते हवेत सोडलं आहे. त्यांची सरकारी कामं गेली, पण मोजमाप खोटं ठरलं नाही. शिशाने मुलांच्या मेंदूवर होणारा परिणामही पुढे सिद्ध झाला. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं आणि फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झालं. म्हणजे आज चाळिशीत असलेली आमची सगळी पिढी शाळेत जाता-येता तोच धूर घेत वाढली. जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये हे पेट्रोल थांबवलं.

उर्दूत 'बार-ए-सबूत' असा शब्द आहे, पुराव्याचं ओझं. या सगळ्या गोष्टीचं मर्म मला त्यात दिसतं. १९२५ मध्ये हे ओझं विकणाऱ्यावर टाकलं गेलं नाही. निर्धोक असल्याचं त्याने सिद्ध करायचं नव्हतं, घातक असल्याचं लोकांनी सिद्ध करायचं होतं. त्यात पाऊण शतक गेलं.

आता इथेनॉलच्या रूपाने तेच अल्कोहोल परत आलं आहे. आपल्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत आहे. त्याने ऑक्टेन वाढतो हे खरं. पण इथेनॉलच्या एका लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, म्हणजे अशा मिश्रणाच्या लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी, हेही खरं. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त अ‍ॅव्हरेज, हा समज इथे उघड्यावर पडतो. इथेनॉल म्हणजे शिसं नव्हे, दोघांना एका पारड्यात घालणं अन्यायाचं होईल. तरीही जुनी मोटारसायकल चालवणारा माणूस तिच्या रबरी नळ्यांबद्दल, कमी झालेल्या अ‍ॅव्हरेजबद्दल विचारतो, तेव्हा त्याला अडाणी म्हणून गप्प करू नये. पुराव्याचं ओझं त्याच्या खांद्यावर नाही.

स्टाफरूममधल्या आमच्या जाणकारांना मी एवढंच सांगितलं: गाडीसोबत आलेली पुस्तिका उघडा, त्यात लिहिलाय तेवढाच ऑक्टेन भरा आणि वाचलेल्या पैशांतून टायरमधली हवा वेळेवर तपासा. अ‍ॅव्हरेज त्याने जास्त सुधारेल.