पायविहीर आणि नारू

महाराष्ट्राच्या पठारावरील ज्या मुलखात पाऊस बेभरवशाचा आणि नद्या उन्हाळ्यात कोरड्या, तेथे विहीर बांधणे हे देवालय बांधण्याच्या तोडीचे पुण्यकर्म मानले जाई. आणि त्यातही बारवेचा, म्हणजे पायविहिरीचा, मान विशेष, कारण दोर, पोहरा वा रहाट यांपैकी काहीच जवळ नसलेल्या पांथस्थालाही घडीव पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जाता येई. अहिल्याबाई होळकरांसारख्या राज्यकर्तीने वाटसरूंसाठी ठिकठिकाणी विहिरी व बारवा बांधविल्या, त्या याच भूतदयेने. परंतु दात्याने करुणेने घडविलेल्या त्या पायऱ्यांवरूनच नारू नावाची व्याधी पिढ्यान् पिढ्या घराघरांत शिरत राहिली, हे त्या काळी दात्यालाही ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही नव्हते.

ज्यांनी नारू पाहिला नाही, त्यांना त्याची यातना शब्दांनी कळणे कठीण. प्रथम पायावर, बहुधा घोट्याच्या आसपास, एक फोड येई. त्याची आग इतकी होई की रोगी पाय थंड पाण्यात बुडवून बसे. फोड फुटला म्हणजे त्यातून पांढऱ्या सुतासारखा एक कृमी डोके वर काढी, आणि तो दीड-दोन हात लांबीचा असल्यामुळे जाणती माणसे त्याचे टोक काडीला गुंडाळून रोज थोडे थोडे, अत्यंत धीराने, बाहेर ओढीत. त्याला आठवडे लागत. मध्येच तो तुटला तर पाय सुजे, पू होई, ताप भरे, प्रसंगी सांधा कायमचा आखडे. हे दुखणे बहुतकरून उन्हाळ्यात, म्हणजे पेरणीपूर्व मशागतीच्या ऐन हंगामात उद्भवे. घरचा कर्ता पुरुष खाटेला खिळला की बारा वर्षांच्या पोराला शाळा सोडून औतामागे जावे लागे, आणि वर्षाचे धान्य व मुलाचे शिक्षण अशी दोन्हींची हानी एकाच कृमीमुळे होई. मरण क्वचित येई, म्हणून सरकारी दफ्तरात पटकी किंवा देवी यांना जितके स्थान मिळाले तितके नारूला कधी मिळाले नाही. मला ही उपेक्षा अन्यायाची वाटते.

या रोगाचे कारण इतका दीर्घ काळ का लपून राहिले, याचे उत्तर त्याच्या कालगणनेत आहे. दूषित पाणी पोटात गेल्यापासून कृमी बाहेर पडेपर्यंत सुमारे एक वर्ष लोटते, आणि गेल्या वैशाखात कोठल्या विहिरीवर ओंजळभर पाणी प्यालो होतो याचा आजच्या फोडाशी संबंध जोडणे कोणत्याही शहाण्या माणसाला अशक्यच होते. रशियन संशोधक फेदचेन्को यांनी 1870 च्या सुमारास मध्य आशियातील तुर्कस्तानात या कोड्याची उकल केली. आगीने त्रस्त झालेला रोगी पाण्यात पाय बुडवतो त्या क्षणी मादी कृमी आपली असंख्य पिले पाण्यात सोडते. सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जलचर ती गिळतो. सुमारे दोन आठवड्यांत ती त्याच्या शरीरात परिपक्व होतात. आणि तो जलचर पिण्याच्या पाण्याबरोबर मनुष्याच्या पोटात गेला की चक्र पुरे होते. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खोल जाई, शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभे राहूनच घागर भरावी लागे, आणि सायक्लॉप्सही त्या उरल्यासुरल्या साठ्यातच दाटलेले असत.

पाणी वस्त्रगाळ करून पिण्याची चाल आपल्याकडे जुनीच; घागरीच्या तोंडाला दुहेरी फडके बांधणाऱ्या गृहिणीने आपल्या नकळत कित्येक नारू उंबऱ्याबाहेर रोखले असतील. पण ती चाल घरापुरती होती. शेतावर, वाटेवर, जत्रेत माणूस ओंजळीनेच पाणी पीत असे, आणि घरात पाळलेला नियम रानात मोडत असे. शिवाय पाणवठेही जातीजातींचे वेगळे; महाडच्या तळ्यासाठी 1927 मध्ये ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या वाट्याला येणारे पाणी बहुधा निकृष्टच असे. म्हणून एखाद्या गावची मुख्य विहीर सुधारली तरी वाडीवस्तीवरचे चक्र तसेच चालू राही, आणि प्रत्येक पाणवठ्याचा स्वतंत्र बंदोबस्त केल्यावाचून गाव मुक्त होत नसे.

भारत सरकारने 1983-84 मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्र हे बाधित राज्यांपैकी एक होते. या रोगावर लस नाही, कृमीला मारणारे औषध नाही, आणि एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असेही नाही. तेव्हा उपाय सारे पाण्यापाशीच करावयाचे होते. आरोग्यसेवक घरोघर फिरून रोगी शोधीत, जखम बांधीत आणि त्याने पाण्यात उतरू नये म्हणून विनवीत. गाळण्यासाठी कापड वाटीत. पाण्यात सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस टाकीत. आणि पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून, कठडा उभारून, वर रहाट बसवीत. विंधनविहिरींनीही मोठा हातभार लावला, आणि त्यांवरील हातपंपांच्या घडणीत जालना व सोलापूर येथील कारागिरीचा वाटा आहे, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने स्मरावी अशी आहे. देशातील शेवटचा रोगी जुलै 1996 मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला, आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

अलीकडे गावोगावचे तरुण गाळाने भरलेल्या बारवा श्रमदानाने मोकळ्या करीत आहेत, आणि त्यांच्या परिश्रमांविषयी मला मनापासून आदर आहे. मात्र एखाद्या विहिरीच्या पायऱ्यांवर मागाहून चिणलेली भिंत आढळली, तर तिला अडाणीपणाची खूण समजून फोडण्यापूर्वी ती कोणी, कोणत्या साली आणि कशासाठी घातली याची गावातील वृद्धांकडे चौकशी करावी, आणि ती नारूसाठी घातलेली ठरल्यास बांधणाऱ्या दात्याच्या नावाशेजारी तीही हकीकत फलकावर लिहून ठेवावी.